पाव फेरा

“सुटं कर सगळं,” ती म्हणाली, “आणि पुन्हा जोड.”

तलावाच्या कडेला ओल्या फरशीवर चष्मेवाला उकिडवा बसला होता. नुकताच जोडलेला रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळ्यांचा जोड, त्याने हवेच्या सिलिंडरवरून परत उतरवायला घेतला. ही सहावी खेप. एरवी दुकानात चष्म्याच्या दांड्यांत मोहरीएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटं, पण इथे ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी चाचपडत होती. ती त्याच्याकडे बघत होती. भिंतीवर घड्याळ आहे म्हणून आपण घड्याळाकडे बघतो, तितपतच.

सकाळचे सात वाजून गेले होते. छपराखालचा तो तलाव या वेळी रिकामा असे. एका टोकाला कमरेइतकं पाणी, दुसऱ्या टोकाला चार मीटर. खोल टोकाच्या भिंतीवर तिच्या हस्ताक्षरातली यादी प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेली होती: पाण्यात उतरण्याआधी करायच्या तेवीस गोष्टी. शिकणारे त्यांना कलमं म्हणत. पहिलं कलम, सिलिंडरची तारीख बघणे. तेविसावं, जोडीदाराने आपलं सगळं सामान तपासणे. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली एकच शब्द: उडी.

“झालं, ताई.”

“व्हॉल्व्ह?”

सिलिंडर त्याच्या पुढ्यातच उभा होता. त्याने नॉब फिरवत अडेपर्यंत नेला, आणि मग सवयीने किंचित मागे आणला. पाव फेरा.

“मागे का आणलास?”

“आम्हाला तसंच शिकवलं होतं. पूर्ण उघडायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा. अडकून बसू नये म्हणून.”

“जुने व्हॉल्व्ह अडकायचे. आताचे नाही अडकत. पूर्ण म्हणजे पूर्ण. तिथेच हात सोडायचा.”

“पण पाव फेऱ्याने असं काय बिघडतं?”

आठ महिन्यांपूर्वी तिने या प्रश्नाचं साग्रसंगीत उत्तर दिलं असतं, चांगलं दहा मिनिटं, फळ्यावर चित्र काढून. बुटात खडा जावा तसं काहीतरी आताही तिला टोचलं. पण तेवढं बोलायचाच तिला कंटाळा आला.

“पुन्हा,” ती म्हणाली.

‘पुन्हा’ हा तिचा लाडका शब्द. त्यापायी तिचं नावच पुन्हाबाई पडलं होतं. शिकणारे पाठीमागे म्हणत, आणि चार धीट मंडळी तोंडावरसुद्धा. बाकीच्या ठिकाणी दोन दिवसांत समुद्रात उतरण्याचं कार्ड हातात मिळे. तिच्याकडे सहा आठवडे लागत. पाण्याखाली मास्क काढून परत घालायचा, तर एकदा नाही, वीसदा. ज्याला पहिल्याच दिवशी जमलं त्यानेही वीसदा. पोहण्याच्या शाळेचे मालक कपाळाला हात लावत.

“अहो बाई, लोकांना सुट्टीत मासे बघायचेत. पाणबुडीवर नोकरी नाही धरायची.”

“मासे कुठे पळून चाललेत?” ती म्हणायची.

मासे नाही, पण गिऱ्हाइकं पळायची. तरी मालकांनी तिला कधी सोडलं नाही, कारण अकरा वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही माणसाला पाण्यात साधं खरचटलंही नव्हतं. हे मालक सगळ्यांना अभिमानाने सांगत. गेले आठ महिने त्यांनी ते सांगणं बंद केलं होतं.

कारण त्या माणसांमध्ये तिचा सख्खा भाऊही होता.

धाकटा शाळेत गणित शिकवायचा. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत, आणि पस्तिशी आली तरी तो तसाच वागे. चष्मा करायला एका दुकानात गेला आणि चष्म्याबरोबर मित्र घेऊन घरी आला, तो हा चष्मेवाला. मित्राने दुसरीकडून दोन दिवसांत कार्ड मिळवलं. धाकट्याला मात्र घरची शाळा. सहा आठवडे तो रोज कुरकुरला. “विमान चालवायला एवढं लागत नाही गं, तायडे,” म्हणायचा. पण त्याने सगळं केलं, तेवीसच्या तेवीस, पुन्हा पुन्हा. त्या सहा आठवड्यांत त्याची जोडीदार तीच होती. घरचा माणूस, दुसऱ्या कुणाच्या हाती कशाला द्यायचा?

एकोणिसाव्या कलमाची तर त्याने घरी चेष्टाच मांडली होती. एकोणिसावं म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून चार खोल श्वास घेणे. काटा जागचा हलला नाही तर हवा नीट येते आहे. प्रत्येक श्वासाला काटा मान डोलवायला लागला तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही, मग कितीही भरलेला सिलिंडर का असेना. हे शिकल्यापासून धाकटा स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायचा, ओंजळीने मोजून चार घोट प्यायचा आणि घोटागणिक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा.

“अरे, पाणी वाया चाललंय!” आई ओरडायची.

“एकोणिसावं कलम आहे, आई. मोडता येत नाही.”

आठ महिन्यांपूर्वी हे दोघे मित्र सुट्टीत समुद्रावर गेले. तिचा वर्ग चालू होता, ती गेली नाही. वीस मीटर खोलीवर धाकट्याला हवा मिळेनाशी झाली. त्याने तळहात गळ्यावरून आडवा फिरवला. हवा नाही, अशी ती खूण. मग शिकवल्याप्रमाणे तो मित्राकडे आला. अशा वेळी द्यायची एक जादा नळी प्रत्येकाजवळ असते, तिला स्पेअर म्हणतात. चष्मेवाल्याचा स्पेअर जॅकेटमागे कुठेतरी गुंतला होता. त्याला तो सापडेपर्यंत धाकटा समोर नव्हता. वर आला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, आणि मग आलाच नाही.

चौकशी झाली. सिलिंडर दोन तृतीयांश भरलेला होता आणि व्हॉल्व्ह जेमतेम उघडा. हवा होती, पोचत नव्हती. अहवालात लिहिलं होतं, ‘मृत व्यक्तीने उतरण्यापूर्वी व्हॉल्व्ह पुरेसा उघडल्याची खातरजमा केली नसावी.’ ते वाक्य तिने दारात उभ्या उभ्या वाचलं, कागदाची चौघडी केली आणि खणात, कात्री आणि मेणबत्त्या ठेवतात तिथे, ठेवून दिली.

भेटायला येणारी माणसं येऊन गेली, मागून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. त्या संध्याकाळी आईने एकदाच विचारलं होतं.

“तू त्याला शिकवलं होतंस ना?”

“हो.”

आईने मान हलवली. पुढे कधी विषय काढला नाही. पण तो प्रश्न घरातून गेला नाही. दोघी जेवायला बसल्या की तो तिसरं माणूस असल्यासारखा शेजारी बसे.

तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. रडू येईल म्हणून लोक वाट बघत, तीही बघे. चहाने जीभ पोळली तर ते दुसऱ्या दिवशी कळे. पोहण्याच्या शाळेत ती जात होती, पण शिकवत नव्हती. सूट धुवायचे, मास्क पुसायचे, रबरी कड्या बदलायच्या. त्याच महिन्यात आईच्या चष्म्याची एक दांडी निखळली. आजवर ते काम चष्मेवाला घरी येऊन करायचा, चहा पीत, स्क्रू दातात धरून. आईने दांडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली.

“दुसऱ्या दुकानातून करून आणू?”

“राहू दे. दिसतंय मला.”

आणि मग या सोमवारी चष्मेवाला शाळेत, सामानाच्या खोलीच्या दारात, येऊन उभा राहिला. आठ महिन्यांत तो चांगलाच वाळला होता.

“ताई, मला पहिल्यापासून शिकायचंय. तुमच्याकडे.”

“कार्ड आहे ना तुझ्याजवळ?”

“आहे. दोन दिवसांचं. पाण्यात परत कधी जाईन असं नाही. पण स्पेअर कुठे असतो ते तरी मला कळायला हवं.”

मालकांनी तिला बाजूला घेतलं. “नाही म्हणा हवं तर. मी सांगतो त्याला.”

तिने आत ‘नाही’ शोधून पाहिलं. नाही म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

“उद्या सातला ये,” ती त्याला म्हणाली होती. “आणि नखं काप.”

चार दिवस तिने त्याला घासला. स्पेअर पिवळ्याधमक रंगाचा, छातीवर मधोमध क्लिपने लावलेला. डोळे मिटून हात तिथे न्यायचा, ओढून काढायचा, समोर धरायचा, दुसऱ्या हाताने समोरच्याच्या जॅकेटचा पट्टा पकडायचा. फरशीवर उभं राहून, मग कमरेइतक्या पाण्यात, मग गुडघ्यांवर बसून पाण्याखाली.

“चाळीस झाले, ताई.”

“मोजू नकोस.”

तो मोजायचा थांबला. तक्रार अशी त्याने एकदाही केली नाही. शिक्षा भोगायला आलेला माणूस तक्रार करत नाही हे तिला कळत होतं, पण त्याची कीवही येत नव्हती आणि रागही. त्या पहिल्या सकाळनंतर रोज स्वतःचा व्हॉल्व्ह तो स्वतः उघडे, पूर्ण, आणि हात तिथेच सोडी. तिने ते बघितलं आणि यादीवर बरोबरची खूण केली.

जोडीदाराची तपासणी तिच्या पद्धतीत पाचव्या दिवशी येई. आधी स्वतःचं सामान हाताला माहीत व्हावं, मग दुसऱ्याच्या अंगाला हात लावावा. पाचव्या दिवशी तिने आपलं सगळं अंगावर चढवलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काट्याकडे बघत चार श्वास घेतले. काटा दोनशेवर होता, तसूभर हलला नाही.

“आता मला तपास,” ती म्हणाली.

तो समोर येऊन उभा राहिला. बक्कल ओढून पाहिलं, जॅकेटमध्ये हवा भरून पाहिली, तिच्या स्पेअरला हात लावला. ओठांतल्या ओठांत कलमं म्हणत होता.

“आणि व्हॉल्व्ह,” असं म्हणून त्याने समोरूनच तिच्या खांद्यावरून मागे हात घातला.

तिच्या कानामागे नॉब फिरला. फिरत राहिला. पूर्ण उघडलेला नॉब आणखी फिरतो आहे, म्हणजे तो एकाच बाजूला फिरू शकतो. तिने श्वास रोखला. नॉब अडला. मग, अगदी किंचित, उलटा आला.

“ओके आहे, ताई,” चष्मेवाल्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

तिने तिथेच थांबायला हवं होतं. शिकणाऱ्यांपैकी कुणी जाणूनबुजून असं केलं असतं तर तिने त्याला महिनाभर पाण्याच्या बाहेर बसवलं असतं. तिने नळी तोंडात धरली आणि उडी मारली.

खोल टोकाच्या तळाशी दोघे समोरासमोर गुडघ्यांवर बसले. तिने काट्याचा गेज हातात घेऊन डोळ्यांसमोर धरला आणि जोराने श्वास ओढला. काटा दोनशेवरून साठावर आला. श्वास सोडला, परत दोनशेवर. दुसरा श्वास, काटा आणखी खाली. हवा येत होती, पण चिमटीत दाबून धरलेल्या नळीतून यावी तशी. आणि हे तर चारच मीटर. जितकं खोल जाल तितकी प्रत्येक श्वासाला हवा जास्त लागते. वीस मीटरवर काय उरेल हे तिला गणित न मांडताही कळत होतं.

इथपर्यंत धाकटा आला होता. काट्याकडे बघत, सिलिंडर भरलेला आहे हे दिसत असताना. ती तिथे बसून राहिली, आणखी दोन श्वास, आणखी एक. छातीला ओढ लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला तिच्या छातीत काहीतरी आहे असं जाणवलं.

मग तिने तळहात गळ्यावरून आडवा फिरवला.

मास्कच्या काचेआड चष्मेवाल्याचे डोळे मोठे झाले. आणि पुढच्या क्षणी पिवळा स्पेअर तिच्या तोंडासमोर होता, सरळ, धरायला सोपा, आणि त्याची मूठ तिच्या जॅकेटच्या पट्ट्यावर घट्ट आवळलेली. दोन सेकंद. ती सगळ्यांचे सेकंद मोजायची, याचेही मोजले गेले. दोन सेकंदांचं काम होतं हे. तिने भरभरून श्वास घेतला आणि दोघे सावकाश वर आले.

“जमलं ना?” पाण्याबाहेर तोंड येताच तो म्हणाला. तो हसत होता. पाच दिवसांत तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. “न सांगता परीक्षा घेतलीत, पण जमलं ना, ताई?”

“जमलं,” ती म्हणाली. “माझ्या मागे ये. माझा व्हॉल्व्ह बघ किती उघडाय.”

काठाला धरून तो तिच्या पाठीमागे गेला. नॉबला हात लावला.

“हा तर जेमतेम उघडाय. पाव फेरा.”

“कुणी ठेवला?”

“मी? मी तर पूर्ण उघडला. आणि मग पाव... सवयीने मागे घेतला वाटतं. चुकलं. पण उघडला होता मी पूर्ण.”

“मी उघडाच ठेवला होता. तू समोर उभा राहून हात घातलास. समोरून घातला की बाजू उलटी होते. उघडतोय असं वाटतं आणि आपण बंद करत असतो. तू पूर्ण बंद केलास आणि पाव फेरा उघडलास.”

“पण हवा तर येत होती ना तुम्हाला? काटाही भरलेला होता.”

“काटा भरलेलाच दाखवतो. वर असताना हवाही येते. खाली गेल्यावर पुरत नाही.”

वेळापत्रक वाचून दाखवावं तसा तिचा आवाज होता. तलावाच्या कडेची जाळी पाणी पीत गुळगुळ करत होती. चष्मेवाल्याने उजवा हात पाण्याबाहेर काढला आणि हवेतच फिरवून पाहिला, एका बाजूला, मग थोडा उलटा. मग तो हात तसाच राहिला.

तिने विचारलं, “होडीवर त्याचा व्हॉल्व्ह तू बघितला होतास?”

“त्याने सगळं केलं होतं, ताई. काट्याकडे बघत चार श्वास घेतले. मी चेष्टासुद्धा केली, म्हटलं, मास्तर, झाला का पेपर तपासून? तो उडी मारायला उभाही राहिला होता. मग थांबला. म्हणाला, तेविसावं राहिलं. तायडी विचारेल. ये, तू मला तपास.” तो आपल्या हाताकडे बघत होता. “मी समोर उभा होतो, ताई. असाच.”

तिला राग आला. तो येताना तिला कळला. पायांकडून वर चढत आला. या माणसाचा, याला दोन दिवसांत कार्ड देणाऱ्यांचा, दोन दिवसांत कार्ड हवं असणाऱ्या सगळ्या जगाचा. चौकशीत व्हॉल्व्हला कुणी हात लावला होता का, हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि हात लावला म्हणजे काही केलं, असं यालाही कधी वाटलं नव्हतं. ती त्याच्यापासून तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागली. भिंतीवर तिची यादी होती.

एकोणीस, चार श्वास. तेवीस, जोडीदाराची तपासणी. रेघ. उडी.

तिने ते परत वाचलं. अकरा वर्षं ती हे वाचत होती, वाचून घेत होती. श्वास एकोणिसाव्याला आणि दुसऱ्याचा हात तेविसाव्याला. दुसऱ्याचा हात लागून गेल्यावर परत श्वास घेऊन बघायचे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी गरजच वाटली नव्हती. तिच्या वर्गात शेवटचा हात तिचा असायचा, किंवा तिच्या नजरेखाली लागायचा. धाकट्याला तर दुसऱ्या कुणाचा हात तिने लागूच दिला नव्हता. तिच्या हाताने काही बिघडणार नाही हे यादीने धरूनच चाललेलं होतं.

“यादी चुकलीय,” ती म्हणाली.

“काय?”

“क्रम. तपासणी आधी पाहिजे. श्वास शेवटी. सगळ्यांचे हात लागून झाले, की मग.” तिला पुढे बोलता येईना, कारण दात एकमेकांवर आपटायला लागले होते. तलावाचं पाणी गार होतं. रोजच असणार. “तो यादीप्रमाणेच वागला.”

चष्मेवाला काठाला धरून होता. त्याचा मास्क कपाळावर होता आणि तो रडत होता, आवाज न करता. तुझी चूक नाही असं म्हणणं खोटं झालं असतं, आणि तुझीच आहे असं म्हणणंही.

“मी उद्यापासून येत नाही, ताई,” शेवटी तो म्हणाला.

ती शिडीने वर चढली. अंगावरून पाणी निथळत होतं आणि थंडीने ती कुडकुडत होती. तिने सिलिंडर फरशीवर उतरवला, टॉवेल अंगाभोवती गुंडाळला आणि बाकावर बसली.

“वर ये,” ती म्हणाली. “सुटं कर सगळं.”

तो शिडी चढून वर आला.

“आणि पुन्हा जोड. या वेळी माझा सिलिंडर. समोर उभं राहून.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. चिकटपट्टीचा चष्मा नाकावर घसरलेला. ती समोर मोड्यावर बसली.

“आई, तू मला एकदा विचारलं होतंस.”

काय विचारलं होतं, असं आईने म्हटलं नाही. हातातला टॉवेल तेवढा थांबला.

“शिकवलं होतं मी त्याला. आणि त्याने सगळं केलं होतं. एकही गोष्ट सोडली नव्हती. अहवालात लिहिलंय ते खोटं आहे. माझ्या यादीत एके ठिकाणी चूक होती. मला कळली नाही. आज कळली.”

मग तिने सगळं सांगितलं, नळ सोडून चार घोट पिण्याचं उदाहरण देऊन, म्हणजे आईला समजावं. हात कुणाचा होता तेही सांगितलं. लपवलं नाही, रंगवलंही नाही. सांगताना मध्येच तिचा आवाज फुटला, ती थांबली, आणि उरलेलं रडत रडत सांगितलं. आई ऐकत होती. त्या एकाच टॉवेलची घडी तिने घातली, उलगडली, परत घातली.

“त्याला कळलं हे?”

“त्याच्यासमोरच कळलं.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. मग दोन तास व्हॉल्व्ह उघडत बसला. मी बसवला.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

“हो, तुझ्याकडे मोजायचं नसतं. धाकटा सांगायचा.” आईने टॉवेलची घडी हाताने दाबली. “उद्या येणार आहे तो?”

“सातला बोलावलंय. नाही येत म्हणाला.”

आईने टॉवेल बाजूला ठेवला. नाकावरचा चष्मा काढला, दांडीवरच्या पट्टीचं टोक नखाने उकरून काढलं आणि ती हळूहळू सोडवू लागली. आठ महिन्यांची पट्टी, डिंक सुटत नव्हता. शेवटी निघाली. दांडी वेगळी होऊन मांडीवर पडली. आईने दोन्ही तुकडे उचलले आणि लेकीच्या हातात दिले.

“येईल,” आई म्हणाली. “आला की एवढी दांडी बसवून दे म्हणावं.”

मग डोळे बारीक करून तिने ढिगातला पुढचा कपडा ओढला आणि घडी घालायला घेतली.